न दिसलेला कडा

पावसाळ्यात एका दिवसासाठी हरिश्चंद्रगडावर जाऊन आलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते: ढग होते, काहीच दिसले नाही. जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड या भागातून गेलेल्यांच्या तोंडी ती अधिक कळवळ्याने येते. त्यांनी रात्र गाडीत काढलेली असते, पायथ्याच्या पाचनई गावाची वाट भिजत चढलेली असते आणि गडावरच्या कोकणकड्यावर पोहोचल्यावर पुढ्यात निव्वळ पांढरेपणा असतो. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 साली घोषित झालेल्या या अभयारण्यात अरण्य आहे, देऊळ आहे, लेणी आहेत, त्यामुळे जाणारा नुसता पर्यटक नसतो आणि नुसता यात्रेकरूही नसतो. म्हणूनच त्याच्या तक्रारीतून एक जुना धार्मिक प्रश्न उभा राहतो. ज्याच्यासाठी गेलो ते दिसलेच नाही, तर भेट झाली असे म्हणता येईल का? माझे उत्तर आहे की येईल, आणि हे उत्तर मनाच्या समाधानासाठी दिलेले नाही.

भेट डोळ्यांवर मोजायची नसते हे आपल्याकडे साध्या माणसांनी फार पूर्वी ठरवून टाकलेले आहे. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी पोहोचतात. त्यांतल्या अनेकांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही. ते नामदेव पायरीवर डोके टेकवतात, कळसाकडे पाहून हात जोडतात आणि वारी पोहोचली असे मानून परततात. मूर्ती पाहिली नाही म्हणून त्यांची वारी कुणी कमी धरत नाही, कारण चालत येणे आणि दाराशी उभे राहणे यातच वारीचा मोठा भाग पुरा झालेला असतो. हरिश्चंद्रगडावरही हेच आहे. केदारेश्वराच्या गुहेतले लिंग कमरेइतक्या गार पाण्यात आहे. भोवतालच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि भर पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यामुळे तिथवर जाणेच अवघड होते. ज्या चांगदेवांचे नाव या गडाशी जोडलेले आहे, ज्यांनी इथे तप केले आणि ‘तत्त्वसार’ लिहिले असे मानतात, ते देखावा पाहायला तिथे राहिले नसणार.

पण एवढ्याने तक्रार मिटत नाही, कारण वारकऱ्याला कळस तरी दिसतो. कड्यावरच्या माणसाला दिसतो तो फक्त ढग, आणि ढग म्हणजे आडवा आलेला पडदा असे तो धरून चालतो. माझा आक्षेप नेमका या समजुतीवर आहे. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीच्या भिंतीला अडते, वर ढकलली जाते, थंड होते आणि तिचा ढग होतो. कड्यावर जे धुके अंगावर येते ते कड्यानेच घडवलेले असते. तिथली कारवी, झाडांच्या खोडांवर साचलेले शेवाळ, वर्षाचे चार महिने वाहणारे ओढे, सारे त्याच्यावर जगते. तो ढग पूर्वेकडे उतरेपर्यंत बराच रिता होतो, म्हणून घाटमाथ्यावर काही हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि जालना जिल्ह्याच्या वाट्याला सातशेच्या आसपासच येतो. तरीही त्या ढगाचे जालन्याशी नाते तुटत नाही. गडावरच्या टाक्यातून निघते असे मानले जाते ती मंगळगंगा मुळा नदीला मिळते. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्यातून खाली येते, मुळेला पोटात घेते, नेवाशावरून पुढे जाऊन प्रवरासंगमला गोदावरीत शिरते. ते पाणी पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, साठते आणि धरणाच्या डाव्या कालव्याने जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातून परभणीकडे जाते. गोदाकाठच्या तालुक्यातून गेलेला माणूस कड्यावर उभा राहून ‘काही दिसले नाही’ म्हणतो, तेव्हा ज्या पाण्यावर त्याचा ऊस आणि मोसंबी उभी असते त्याचा एक उगम त्याच्या केसांवरून ठिबकत असतो. दरी दिसली असती तर त्याने कोकण पाहिले असते. दिसली नाही म्हणून तो ज्याच्यावर जगतो त्याच्या आत उभा राहिला.

यावर कुणी म्हणेल की ही हरलेल्याची समजूत आहे, स्वच्छ आकाशात हाच माणूस दरी पाहूनच खूश झाला असता. झाला असता, आणि त्यात वावगे काही नाही. पाहण्याचा आनंद मला कमी लेखायचा नाही. मात्र याच कड्यावरचा सर्वांत विलक्षण देखावा ढगाविना दिसतच नाही. पाठीशी तिरपे ऊन आणि पुढे दरीत धुके असेल तर धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटते. त्याला इंद्रवज्र म्हणतात आणि ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांच्या 1835 सालच्या लेखनात त्याची नोंद आहे. त्या वर्तुळाच्या मध्यभागी असते पाहणाऱ्याची स्वतःचीच सावली. शेजारी उभ्या असलेल्याला त्याच्या डोक्याभोवतीचे वलय दिसते, तुम्हाला तुमच्या. पाण्याच्या बारीक थेंबांवरून प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परततो म्हणून असे होते. यातून मी गूढ अर्थ काढत नाही. एवढेच म्हणतो की जिथे सर्वांत जास्त ‘दिसते’ तिथेही माणूस बहुधा स्वतःलाच पाहत असतो, म्हणून दिसण्याला भेटीचा पुरावा मानणे धोक्याचे आहे. (आणि धुक्यात कड्याच्या टोकाशी सरकण्यात कसलीही श्रद्धा नाही, तिथून मागेच थांबावे.)

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. ढगाचे तत्त्वज्ञान करायला पोट भरलेले लागते. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्या बागांच्या मालकाला ‘ढगाच्या आत उभे राहणे’ म्हणजे काय सांगणार? हे खरे आहे, आणि म्हणूनच ही भेट मनातल्या मनात संपू शकत नाही. घाटमाथ्यावरचा ढग आपोआप तीर्थपुरीच्या शिवारात पोहोचत नाही. वाटेत धरणे आहेत, नगर-नाशिकची शेते आहेत, आणि त्यांचीही तहान खरी आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. 2014 साली प्राधिकरणाने आदेश दिला की 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. तरी टंचाईच्या वर्षी वाद पुन्हा उभा राहतो, आणि तेव्हा वरचा आणि खालचा एकमेकांना पाणी चोरणारे म्हणतात. आपण पाणी धरणापासून मोजतो, ढगापासून मोजत नाही. कड्यावर भिजलेला अंबडचा शेतकरी आणि त्याच पावसात पाचनईत भात लावणारा आदिवासी शेतकरी एकाच ढगाखाली उभे असतात. पाचनईच्या माणसाच्या डोक्यावर तो ढग चार महिने असतो आणि तरीही उन्हाळ्यात घाटमाथ्याच्या अनेक वाड्यांना हंडाभर पाण्यासाठी दूर चालावे लागते. गडावरून परतणाऱ्याने ‘काय दिसले’ याआधी हे विचारावे की जो ढग आपल्याला पोसतो त्याच्याखाली राहणाऱ्याला त्यातले काय मिळते, आणि कालव्याच्या शेपटाशी बसलेल्याला काय.