क्षमा कोणाच्या वतीने?

वैद्यास आम्ही नारायण मानतो. मग त्याच्यावर दावा लावावा काय? येथे सुरतेत एका सभासदांच्या बालकास ज्वर, वांत्या व मान ताठलेली असताही ‘साधा ताप’ म्हणून घरी धाडण्यात आले. तो मेंदूच्या आवरणाचा जंतुदोष होता. त्यात काही तासांचा विलंबही घातक. मूल वाचले, श्रवण गेले. वडील म्हणतात, प्रारब्ध!

आम्हांस हे पटत नाही. प्रत्येक चूक हयगय नव्हे, हे खरे. परंतु पुण्याच्या एका खटल्यात 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे सावधगिरीचे कर्तव्य स्पष्ट केले; 1995 च्या निर्णयाने मोबदला घेऊन केलेली चिकित्सा ग्राहक कायद्याखाली आली. मुदत दोन वर्षांची.

वडिलांनी स्वतःचे दुःख खुशाल क्षमा करावे. लेकराच्या कानांची क्षमा ते कोणत्या अधिकाराने करणार? कागदपत्रे अद्याप कपाटातच आहेत. मुदतीचे चार महिने उरले आहेत.