यासुकेचं पुढे काय झालं?

मागच्या दिवाळीत दिघोरीला घरी होतो. भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरच्या बाजूला आमचं गाव. बांध्यांमध्ये धान कापणी चालली होती, गावोगावच्या मंडईचे आणि नाटकांचे बॅनर लागले होते. तेरा वर्षांचा भाचा मामाच्या गावाला आला होता आणि रात्री गादीत मोबाइलवर ‘यासुके’ बघत होता. सहा भागांची मालिका त्याने दोन रात्रीत संपवली. मग विचारलं, “मामाजी, हा खराच होता का जी?”

मी म्हटलं, हो, होता.

“मंग त्याचं पुढे का झालं?”

इथे मी खोटं बोललो. हा लेख त्या खोट्याबद्दल आहे.

आधी मालिकेबद्दल थोडं. ‘यासुके’ 2021 साली नेटफ्लिक्सवर आली. लेशॉन थॉमस यांनी ती घडवली, जपानच्या मापा स्टुडिओने काढली, संगीत फ्लाइंग लोटसचं. सोळाव्या शतकातल्या जपानमधला एक आफ्रिकी योद्धा आपला मालक ओदा नोबुनागा मेल्यावर नावाडी होऊन राहतो. मग एका अद्भुत शक्ती असलेल्या मुलीसाठी पुन्हा तलवार हातात घेतो. मालिकेत जादूटोणा आहे, अस्वलात बदलणारी बाई आहे, आणि सोळाव्या शतकात चक्क रोबोट आहेत.

खरा यासुके कागदावर फार थोडा सापडतो. आलेस्सांद्रो वालिन्यानो नावाचा इटालियन जेझुइट पाद्री 1574 मध्ये गोव्यात आला आणि 1579 मध्ये जपानला पोहोचला. त्याच्या सोबत हा माणूस होता. 1581 मध्ये क्योतोत त्याला बघायला गर्दी उसळली. नोबुनागाला वाटलं, अंगाला शाई फासली असेल. म्हणून त्याने त्याचे कपडे उतरवून अंग घासून घ्यायला लावलं. रंग निघाला नाही. नोबुनागाने त्याला पदरी ठेवून घेतलं. 1582 मध्ये सेनापती आकेची मित्सुहिदे उलटला, नोबुनागाचा शेवट झाला. यासुके नोबुनागाच्या मुलाच्या बाजूने लढला आणि शेवटी तलवार खाली ठेवून शरण गेला. आकेची म्हणाला, हा तर जनावर आहे, याला काही कळत नाही, मारू नका, पाद्र्यांकडे सोडून या. त्यानंतर त्याचा खात्रीचा माग लागत नाही. सगळी नोंद मिळून जेमतेम सव्वा वर्षाची.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, “माहीत नाही.” पण पोराच्या डोळ्यांत इतकी आशा होती की ते तोंडातून निघेना. या पोराला शाळेत ‘काळ्या’ म्हणतात, हे मला माहीत होतं. गेममधलं स्वतःचं नाव त्याने त्याच दिवशी ‘यासुके’ करून टाकलं होतं. मी सांगितलं, “पाद्र्यांनी त्याला जहाजात बसवून गोव्याला परत आणलं. तिथून तो पळाला, घाट चढून दख्खनमध्ये आला आणि मलिक अंबरच्या फौजेत सरदार झाला.” पोरगं खूश होऊन झोपलं.

दोन महिन्यांनी बहिणीचा फोन आला. वर्गात महाराष्ट्राच्या इतिहासावर बोलायचं होतं. पोराने यासुके आणि मलिक अंबरची दोस्ती सांगितली. सर म्हणाले, असं काही नाही. हा अडून बसला, “मामाजीनं सांगलं.” वर्ग हसला. आता त्याचं नवं नाव ‘यासुके’ पडलं होतं, पण चिडवायचं म्हणून.

मी फोनवर माफी मागितली. तेव्हा तो जे बोलला ते अजून डोक्यातून जात नाही. “मामाजी, तुमच्यापेक्षा तं थो रोबोटवालाच बरा. थो तं खोटाच दिसते.”

विचार केला तर पोराचं म्हणणं बरोबर आहे. आपण सहसा उलट समजतो. खऱ्या माणसाच्या गोष्टीत जादू घातली की इतिहासाची मोडतोड झाली, आणि शक्य वाटेल असं काही घातलं तर चालतं, असं आपण धरून चालतो. पण 1582 सालच्या लढाईत रोबोट बघून कोणीही फसत नाही. रोबोट स्वतःच सांगतो की इथून पुढे कल्पना आहे. माझी गोष्ट फसवणारी होती, कारण ती पटणारी होती. गोवा खरा, जहाज खरं, मलिक अंबरही खरा. फक्त त्यांना जोडणारा दोरा माझा होता, आणि मी तो लपवला होता.

आमच्या झाडीपट्टीत हिवाळाभर रात्र-रात्र नाटकं चालतात. वडशाच्या कंपन्या येतात, मंडप पडतो, ऑर्गन वाजतो. मंचावरचा राजा मेला की बाया रडतात. पण तो राजा सकाळी टपरीवर चहा पिताना दिसणार, हेही त्यांना ठाऊक असतं. मंडपाच्या आत गोष्ट, मंडपाच्या बाहेर गाव. मोबाइलवर मात्र मंडपच नाही. मागे दणदणीत संगीत, वर ‘खरा इतिहास जो तुम्हाला शिकवला नाही’, आणि आत कोणाच्या तरी मनातलं काहीही. आपण ते फॉरवर्ड करतो. मीही त्या रात्री तसलंच एक रील भाच्याच्या कानात सोडलं होतं.

मग फक्त नोंदीत आहे तेवढंच बोलायचं का? तेही मला पुरत नाही. यासुकेबद्दलची नोंद कोणी केली? पाद्र्यांनी, नोबुनागाच्या माणसांनी. त्याचं स्वतःचं एक वाक्य उरलेलं नाही. आईने ठेवलेलं नावही नाही. नोंदीला चिकटून राहायचं म्हटलं, तर त्याच्याबद्दलचा शेवटचा शब्द आकेचीचा ‘जनावर’ हाच राहतो. ज्यांच्या हातात लेखणी नव्हती, त्यांच्यासाठी कल्पना कधीकधी न्यायाचं काम करते. मालिकेतला यासुके थकतो, दारू पितो, जुन्या आठवणींनी तळमळतो. एवढं मन त्याला त्या सव्वा वर्षात कोणी दिलं नव्हतं.

पण कल्पना नेहमी न्यायच करते असंही नाही, आणि इथे मलिक अंबरकडे यावं लागतं. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा. मूळ नाव चापू. गुलाम म्हणून विकत-विकत तो दख्खनला पोहोचला. अंबर हे सुगंधी पदार्थाचं नाव त्याला एका मालकाने दिलं. पुढे तो स्वतंत्र झाला आणि निजामशाहीचा वजीर बनून जहांगीर बादशहाला आयुष्यभर पुरून उरला. चिडलेल्या जहांगीरने 1616 च्या सुमारास अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर. आणि तो भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. असं काही कधी घडलं नाही. अंबर मुघलांच्या हाती न लागता 1626 मध्ये म्हातारा होऊन मेला. खुलताबादला त्याची कबर आहे.

बघा, हीसुद्धा ऐतिहासिक फँटसीच. पृथ्वी माशावर आहे म्हटल्यावर हे कल्पनेतलं आहे, हेही उघड दिसतं. म्हणजे पोराची कसोटी लागते, पण एकटी पुरत नाही. दुसरी कसोटी लावावी लागते: ही कल्पना कोणाच्या खर्चाने चालली आहे? जहांगीरच्या चित्रात किंमत अंबर मोजतो. जिवंत माणसाला मुंडकं करून टाकलं आहे. ‘यासुके’त निदान ज्याच्याकडून सगळं काढून घेतलं गेलं, त्याला काही परत द्यायचा प्रयत्न आहे.

मालिकेबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. जादू सोबतीला असली की माणसाच्या साध्या धाडसाचं वजन कमी होतं. मालक मेला, देश परका, भाषा परकी, तरी हा माणूस नोबुनागाच्या मुलापाशी जाऊन लढला. त्याला रोबोटची काय गरज? अंबरचंही तसंच. 1624 मध्ये भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला. मामा तलावांच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे जादूपेक्षा जास्त कळतं. फुटलेला बांध काय करतो ते आम्ही पाहिलं आहे. आणि याच माणसाने आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या खडकीत, जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. विकल्या गेलेल्या माणसाने एका शहराला पाणी दिलं. हे कोणी अ‍ॅनिमेत दाखवणार नाही, कारण नहर हळू वाहते.

उन्हाळ्यात भाचा परत आला. मी त्याला सगळं सांगितलं: चापू, नहर, ते मुंडक्याचं चित्र. आणि यासुकेबद्दल, “माहीत नाही.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मंग मी सरले का सांगू?”

मी म्हटलं, सांग की खोटं मामाजी बोलले होते. तू नाही.

त्याने ते सांगितलं की नाही, मला कळलं नाही. म्हणून इथे मीच लिहितो आहे. गेममधलं नाव मात्र त्याने बदललेलं नाही.