अठरा वर्षांची वाकलेली पाठ

शास्त्रपाठ : लूक १३:१०–१७



लूक हा वैद्य होता, हे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून (४:१४) आपणांस ठाऊक आहे. पाठीच्या एका रुग्णाईत स्त्रीची हकीकत चार शुभवर्तमानांपैकी केवळ त्याच्याच शुभवर्तमानात आढळते. ती अठरा वर्षे वाकलेली होती व तिला सरळ उभे राहता येत नव्हते. लूकने तिचे नाव दिलेले नाही. तिने बरे होण्याची विनंती केली, असेही तो लिहीत नाही. शब्बाथ दिवशी ती सभास्थानात होती, एवढे मात्र तो सांगतो. पाठ सरळ होण्याची वाट न पाहता, वाकलेल्या पाठीनेच ती देवाच्या मंदिरसेवेस आली होती.

कण्याच्या झिजेने पीडित असलेल्या मनुष्याला या गोष्टीचे मोल चांगले समजते. गेली काही वर्षे मी त्यांपैकीच एक आहे. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहून मी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करतो. हिब्रू व ग्रीक पाठ, कोश आणि संगणक यांच्यापुढे दिवसाचे अनेक तास बसावे लागते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस वसू लागलेल्या या उद्योगनगरीत असे बसून काम करणारे हजारो आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि रस्त्यावरचे हादरे काहीसे कमी झाले. खुर्ची मात्र सुटली नाही. आता कंबरेतील कळ डाव्या पायात उतरते आणि डॉक्टरांनी माझ्यापुढे शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवला आहे.

अशा वेळी मंडळीतून दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, “विश्वास असेल तर सुरीची गरज काय?” दुसरा म्हणतो, “इतका विचार कशाला? एकदाचे करून टाका.” दोघेही प्रेमानेच बोलतात. परंतु दोन्ही सल्ले शास्त्राच्या प्रकाशात तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिल्या सल्ल्याला आधार म्हणून आसा राजाचे उदाहरण देण्यात येते (२ इतिहास १६). पायांच्या रोगात त्याने परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे धाव घेतली, असा ठपका तेथे आहे. पण तो अध्याय आरंभापासून वाचावा. देवावर न विसंबता अरामाच्या राजावर विसंबल्याबद्दल संदेष्ट्याने आसाला आधीच दोष दिला होता. त्याच्या आजारपणात तीच वृत्ती पुन्हा दिसली. त्याने वैद्य बोलावला हा दोष नव्हे. त्याने देवाला वगळले, हा दोष आहे. याउलट हिज्कीया राजा पाहा (२ राजे २०). त्याने अश्रू गाळून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून देण्याचे वचन दिले. आणि त्यानंतर यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास सांगितले! वचन व लेप एकाच संदेष्ट्याच्या मुखातून आले. महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांना हे नवीन नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन इस्पितळ उघडले, तेव्हापासून शस्त्रक्रियेची सुरी व गुडघे टेकून केलेली प्रार्थना यांत विरोध नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे.

दुसरा सल्लाही तितकाच घाईचा आहे. दोन मणक्यांमध्ये गादीसारखी एक चकती असते. वयोमानाप्रमाणे तिच्यातील पाणी कमी होते, ती चपटी होते, कधी सरकून नसेवर दाब आणते. परंतु एम.आर.आय.च्या चित्रात झीज दिसली म्हणजे तीच वेदनेचे कारण, असे नेहमी नसते. पाठदुखी मुळीच नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतील सुमारे ८० टक्के लोकांत चकतीची झीज आढळली. नसेवरील दाब काढणाऱ्या शस्त्रक्रियेने पायात उतरणारी कळ बहुधा कमी होते. केवळ कंबरेतच राहणाऱ्या दुखण्याबाबत तितकी खात्री देता येत नाही. मणके जोडले तर तेथील हालचाल थांबते आणि शेजारच्या मणक्यांवर भार वाढू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारावे : माझे कोणते दुखणे कमी होईल, कोणते राहील, शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, आणि व्यायामोपचार पुरेसे दिवस करून झाले आहेत काय? मात्र मलमूत्रावरील ताबा सुटला, जांघेच्या भागात बधिरपणा आला किंवा पायातील शक्ती झपाट्याने जाऊ लागली, तर एक दिवसही दवडू नये. तेथे विलंब करणे हा विश्वास नव्हे.

आणखी एका समजुतीकडे लक्ष वेधणे भाग आहे. आपण सहज म्हणतो, “हे दुखणे म्हणजे माझा वधस्तंभ आहे.” प्रभूने आपल्या शिष्यांना जो वधस्तंभ उचलण्यास सांगितला, तो त्याच्यामागे जाताना स्वेच्छेने पत्करायचा होता. झिजलेली चकती आपण निवडलेली नाही. तिच्यावर उपाय केल्याने वधस्तंभ खाली ठेवल्यासारखे होत नाही. पौलाच्या देहातील काट्यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘स्कोलोप्स’ आहे. त्याचा अर्थ काटा तसाच अणकुचीदार खुंटही होतो. पौलाने तो मुकाट्याने सोसला नाही. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तरादाखल कृपा मिळाली, तेव्हाच तो त्या दुर्बलतेत स्थिरावला. आधी विनंती, मग स्वीकार, हा क्रम आपणही विसरू नये.

आमच्या भागातून जाणारा होसूर रस्ता पुढे कृष्णगिरीवरून वेल्लोरकडे वळता येतो. तेथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. वेदना जाणवत नाही म्हणूनच या रोग्यांच्या हातापायांना इजा होत जाते, असे त्यांनी दाखवून दिले. वेदना हा देवाने ठेवलेला राखणदार आहे. पण जुनाट दुखण्यात हा राखणदार चोर निघून गेल्यावरही रात्रभर भुंकत राहतो, हेही खरे! त्याच संस्थेतील डॉ. मेरी व्हर्गीस यांचे १९५४ च्या मोटार अपघातानंतर कंबरेखालचे अंग लुळे पडले. पाय परत मिळाले नाहीत. तरी चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनाचे कार्य उभारले. शरीर पूर्ववत होणे आणि जीवन उपयोगी होणे या दोन गोष्टी देवाने एकमेकींवर अवलंबून ठेवलेल्या नाहीत.

माझा निर्णय अजून व्हावयाचा आहे. शस्त्रक्रिया केली आणि गुण आला नाही तर? नाही केली आणि पाय अधिक दुबळा झाला तर? हातातले भाषांतर पुरे होईल काय? या प्रश्नांनी रात्री झोप उडते. परंतु लूकच्या त्या अध्यायाने मला एक आधार दिला आहे. प्रभू त्या स्त्रीला मुक्त झाल्याचे सांगतो, बैलाला गव्हाणीपासून सोडण्याचा दाखला देतो आणि तिलाही बंधनातून सोडवणे योग्यच होते असे म्हणतो. ग्रीक भाषेत या तिन्ही ठिकाणी ‘सोडणे’ या एकाच मूळ धातूची रूपे आहेत. दुखणेकऱ्याने दावणीलाच बांधलेले राहावे, अशी प्रभूची इच्छा नाही. म्हणून सोडवणुकीचा मार्ग शोधण्यास मी मोकळा आहे. आणि तो कोठवर नेईल हे कळले नाही, तरी मी त्याच्या दृष्टीआड नाही. कारण त्या स्त्रीला हाक मारण्यापूर्वीच त्याने तिला पाहिले होते.

वाचकहो, आपल्या मंडळीतही अशा वाकलेल्या पाठी आहेत. प्रार्थनेच्या वेळी ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत, दीर्घ उपदेश ऐकताना जे मध्येच उठून मागे उभे राहतात, त्यांच्याकडे वळून पाहू नका. त्यांच्यासाठी एक पाठ टेकण्याची खुर्ची ठेवा. “विश्वास कमी पडला” असे त्यांना सांगू नका. त्यांनी डॉक्टरांकडे जायचे ठरवले तर कोणी सोबत जावे, आणि न जायचे ठरवले तरी कोणी घरी भेटावे.

हे प्रभू, निर्णय घेणाऱ्यांना सुबुद्धी दे, चिकित्सकांच्या हातांना स्थैर्य दे, आणि ज्यांची पाठ या जन्मी सरळ होणार नाही, त्यांनाही तुझ्या मंदिरात मानाचे स्थान दे. आमेन.