सोसणे आणि मुके राहणे

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत आपल्या गावांतील पुष्कळ तरुण कामास जातात. पहिला पगार घरी येतो तेव्हा सर्वांस आनंद होतो. परंतु काही महिन्यांनी तोच मुलगा अबोल होतो. सुटी संपत आली की त्याच्या पोटात गोळा येतो. आईने विचारले तर म्हणतो, "काही नाही, सगळीकडे असेच असते." हे उत्तर आम्हांस फार चिंतेचे वाटते.

काम जड असणे निराळे व माणसाचा पाणउतारा होणे निराळे. कष्टाची लाज आपल्या लोकांस कधीच नव्हती. वरिष्ठाने चूक दाखविली तर काम सुधारते. पण चौघांदेखत आईबापांवरून किंवा जातीवरून बोलल्याने, आजाऱ्यास कामचुकार ठरविल्याने, अथवा एकाचा दोष दुबळ्याच्या माथी मारल्याने काय सुधारते? अशा जागेची ठळक खूण, आमच्या मते, ही की तेथे चांगली माणसेही बोलेनाशी होतात.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. पूर्वी आम्ही एका संस्थेत होतो. तेथील अधिकारी एका कारकुनास सर्वांसमोर नित्य निर्बुद्ध म्हणत. आम्ही मान खाली घालून कागद चाळीत असू, आणि मनास समजावीत असू की सोशीकपणा हा सद्गुण आहे. परंतु सोसत होता तो कारकून. आम्ही केवळ मुके होतो. दुसऱ्याच्या वाट्याचे दुःख पाहून गप्प बसणे, ह्यास सोशिकपणा कसे म्हणावे?

हा रोग केवळ कारखान्यांतच आहे असे नाही. 2024 च्या जुलैत पुण्यातील एका नामांकित हिशेबतपासनीस कंपनीत नुकतीच लागलेली 26 वर्षांची मुलगी मरण पावली. कामाच्या असह्य भाराविषयी तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांस पत्र लिहिले. मृत्यूस हा भार कारण झाला, हे कंपनीने मान्य केले नाही. तथापि त्या पत्राने देशभर पुष्कळांची तोंडे उघडली.

मुंबईत 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे 5,500 जणांच्या सह्यांचा अर्ज केला. मागणे ते काय? आठवड्यास रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. "गिरणीत असेच असते" म्हणणारे तेव्हाही थोडे नसतील. 1890 साली रविवार मिळाला. आज मंडळीतील कामगार उपासनेस येऊन बसतो, ह्याचे थोडे ऋण त्या अर्जाकडेही जाते. एकट्याची तक्रार रडगाणे ठरते. पाच जणांची तशी सहज ठरविता येत नाही.

म्हणून तरुणांनी झालेला प्रकार तारीख व साक्षीदार ह्यांसह वहीत लिहून ठेवावा आणि विश्वासू सोबत्याशी बोलावे. स्त्रियांचा लैंगिक छळ होत असेल, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची समिती असते. मन फारच खचल्यास 14416 ह्या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

नोकरी सोडण्याचा उपदेश आम्ही सरसकट करीत नाही. ज्याच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचे कर्ज आहे, त्यास तो ऐकणे कठीण. त्याने आधी दुसरे काम पाहावे. पण तो काम सोडून घरी आलाच, तर त्यास "टिकला नाही" असे म्हणण्यापूर्वी वडील मंडळींनी त्याची वही एकदा वाचून पाहावी.