भिंतीवरचा देव आणि भिंतीवरचे चित्र

घरात लावलेले देवाचे चित्र कधी पूज्य होते आणि कधी नुसते शोभेचे राहते, याचा विचार परंपरेने फार पूर्वीच केलेला आहे. भागवताच्या एकादश स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात प्रतिमेचे आठ प्रकार येतात: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. चित्राला तिथे मूर्तीच्या पंक्तीचे स्थान आहे. लेपाची आणि रंगाची प्रतिमा न्हाऊ घालायची नाही, नुसती पुसायची, इतका बारीक विचारही तिथेच सापडतो. घडीभरासाठी जमिनीवर आखलेल्या स्थंडिलात देवाला बोलवायचेही असते आणि निरोपही द्यायचा असतो. याच स्कंधावरची एकनाथांची टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली आणि हा सगळा विषय मराठीत आला.

मराठी घरांनी तो आपापल्या परीने आचरला. दिव्यांच्या अवसेला जिवतीचा कागद देवघराशेजारी भिंतीला चिकटवतात. नरसिंह, कालियामर्दन, लेकरे खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती, अशी चार चित्रे त्या एका स्वस्त छापील कागदावर असतात. श्रावणातल्या दर शुक्रवारी त्याला गंध, फूल, आघाडा-दुर्वांची माळ आणि दूध-साखरेचा नैवेद्य. महिना सरला की कागद उतरतो. त्याच्या छपाईची प्रत कोणी पाहत नाही, आणि वर्षभर भिंतीवर ठेवावा असेही कोणाला वाटत नाही. त्याचे देवपण ठरावीक काळाचे आहे आणि घराला ते मान्य आहे.

डहाणू-तलासरी भागातील वारली घरातला लग्नचौकही असाच काळाने बांधलेला. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, मधोमध पालघाट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर उतरली. जिव्या सोमा म्हसे यांनी विधीचे निमित्त नसतानाही चित्र काढले, त्यात शेत, मासेमारी, तारपा नाच आणला, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज शहरातल्या दिवाणखान्यात सोफ्यामागे टांगलेली वारली चौकट विधीपासून सुटलेली आहे. त्यात अपमान काही नाही. मात्र पालघाट देवीचा चौकच नक्षी म्हणून चहाच्या कपावर छापणे वेगळे. ज्यांच्या घरी ती आजही लग्नाला येते, त्यांचा विचार तिथे व्हायलाच हवा.

राजा रविवर्म्याच्या चित्रांचा प्रवास याच्या नेमका उलट झाला. युरोपीय पद्धतीच्या तैलचित्रकाराने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या, त्यांच्या साड्यांना लोकांनी जर आणि टिकल्या चिकटवल्या, तसबिरीच्या काचेवर गंध लावले. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३०च्या दशकात मांडले, की यंत्राने प्रती निघू लागल्या की कलाकृतीचे अनन्य तेज मावळते. उपासनेसाठी असलेली वस्तू प्रदर्शनाची होते. देवघरातल्या अशा छापील तसबिरीला हे लागू पडत नाही. तिथे प्रत छापील असूनही उपासना वाढली, कारण तेज मूळ प्रतीत आहे असे भक्ताने कधी धरलेच नव्हते. ते आवाहनाने येते, रोजच्या पुसण्याने आणि दिव्याने टिकते.

त्यामुळे एकच गणपती एका घरात दोन ठिकाणी दोन नात्यांनी राहू शकतो. देवघरातला पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. दिवाणखान्यातला चित्रकाराच्या रंगरेषांसाठी, उजेड पाहून लावलेला. दुसऱ्याला हार घातला नाही म्हणून दोष लागत नाही. दोष आहे तो एकदा पूजेला बसवलेली तसबीर धुळीत विसरण्यात.

तसबीर जीर्ण झाली, काच तडकली, तर पूजा थांबवून तिचे विसर्जन करतात. पुष्कळदा ती पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवली जाते आणि पावसात भिजत पडते. त्यापेक्षा अक्षता वाहून देवाला निरोप द्यावा, काच आणि चौकट वेगळी करावी आणि कागद घरच्याच कुंडीत मातीआड करावा.