गंजिफेतील अवतार

ज्या ईश्वराला काहीही मिळवावयाचे उरलेले नाही त्याने सृष्टी निर्माण करण्याची यातायात का करावी, हा आक्षेप बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत रीतसर पूर्वपक्ष म्हणून मांडलेला आहे. आणि सूत्रकारांचे त्यावरचे उत्तर इतके आटोपशीर आहे की पहिल्या वाचनात ते उत्तर वाटतच नाही. लोकांत दिसते तशी ही केवळ लीला होय, एवढेच ते सांगतात. शंकराचार्यांनी भाष्यात दृष्टांत घेतला तो सर्व इच्छा पुरलेल्या राजाचा किंवा त्याच्या अमात्याचा, जो कोणत्याही प्रयोजनावाचून क्रीडेत रमतो. राजा आणि अमात्य ही जोडी मला पुढे सावंतवाडीच्या राजवाड्यात, हातात मावणाऱ्या वाटोळ्या पानांवर भेटली.

बेळगावाहून चंदगडच्या मुलखातून आंबोलीकडे जाणारा रस्ता पावसाळा सरत आल्यावर घ्यावा. आंबोलीला हिरण्यकेशी गुहेतून उगम पावते आणि निरभ्र दिवशी जो पश्चिम समुद्र तेथून दिसतो त्याच्याकडे पाठ फिरवून, घटप्रभा आणि कृष्णा यांच्या आधाराने, पार पूर्व समुद्राला जाऊन मिळते; आपण मात्र घाट उतरून दाणोलीमार्गे तळकोकणात येतो. सावंतवाडीच्या चितार आळीत थांबल्यावाचून पुढे जाणे कोणाला जमत असेल असे वाटत नाही. लाकडाचे आंबे, केळी, वांगी, मिरच्या, लाखेने रंगवलेले पाट आणि चौरंग अशा जिनसांनी दुकाने भरलेली असतात, आणि देठासकट मांडलेले ते आंबे पाहून मायावाद्यांनी फळांचे दुकान थाटले तर ते असेच दिसेल असा एक चावट विचार मनात येऊन जातो.

राजवाड्यातील दरबार सभागृहात कारागीर गंजिफा रंगवीत बसलेले असतात. हा खेळ फारसी मुलखातून आला; १५२७ साली बाबराने सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने. त्या रंगांत खजिना, तलवार, गुलाम असा दरबारी सरंजाम असे. आमच्या लोकांनी त्या दरबाराच्या जागी विष्णूचे दहा अवतार बसवले, प्रत्येक रंगाला बारा पाने देऊन १२० पानांचा संच केला आणि राजा व प्रधान हे दोन हुद्दे तेवढे कायम ठेवले. १९७० च्या दशकात, ही कला संपत आलेली असताना, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा चालती केली.

मी पाहिले तेव्हा नरसिंहाचा राजा चालू होता. चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवलेला कागद, त्यावर पांढरा लेप, घोटून काढलेला गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्यावर एका काळ्या रेषेत उमटणारी आयाळ. नखे सर्वांत शेवटी आली. पाठीमागची बाजू मात्र सगळ्या पानांची एकाच रंगाची, कोरी. म्हणजे पालथे पडले की नरसिंह आणि कासवाची दुर्री यांत तिळमात्र भेद राहत नाही. कोणी खेळते का अजून, असे मी विचारले, तेव्हा कुंचला न उचलता बाई म्हणाल्या, “खेळणारे कमी, भिंतीर लावणारे जास्त.”

माझ्याबरोबर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. त्यांना हा सगळा प्रकारच रुचला नव्हता. “अहो, ज्याची पूजा करायची त्याला पत्त्यात घालून आपटायचे?” त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, द्यूताने युधिष्ठिराचे काय केले हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. परंतु त्याच महाभारतात, गीतेच्या दहाव्या अध्यायात, श्रीकृष्ण आपल्या विभूतींत द्यूताचीही गणना करतो. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेली आहेत. आणि पुराणांतला शंकर त्या खेळात पार्वतीकडून सपशेल हरतो. खेळणारा देव आपल्याला नवा नाही. गंजिफेने त्याच्या पुढची मजल मारली आणि देवालाच डावाच्या नियमांखाली आणले.

मला ते अवतारकल्पनेशी फार सुसंगत वाटते. अवतरणे म्हणजे तरी दुसरे काय? वराहाला चिखल पत्करावा लागतो, वामनाला खुजेपण, रामाला पित्याचे वचन. सर्वशक्तिमानाने आपण होऊन स्वीकारलेला तो एक दस्तूर असतो. गंजिफेत पाच रंगांत मोठ्या आकड्याचे पान वरचढ ठरते, तर उरलेल्या पाच रंगांत क्रम उलटा फिरतो आणि एक्का दश्शीला मारतो. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने सुरुवात करावयाची, रात्री कृष्णाच्या राजाने. सूर्यवंशी आणि मध्यरात्री जन्मलेला यांना असे आपापले प्रहर वाटून देणाऱ्या माणसाला मी अश्रद्ध म्हणणार नाही. त्याची श्रद्धा एवढी निर्धास्त होती की देवाचा राजा आपल्या हातून जाईल याचे त्याला दुःख होई ते केवळ खेळाडूचे. त्याउलट तोच संच चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगला की त्याला ना फूल वाहिले जाते, ना तो हरतो. अनादर कोठे होत असेलच तर तो मला तेथे दिसतो. अर्थात त्या चौकटींच्या विक्रीवरच कारागिरांची चूल पेटते, हे विसरून बोलण्याचा अधिकार मला नाही, आणि मीही दुकानातून निघालो तो संच विकत घेऊनच.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकरांची चित्रकथी पाहिली. तेथे रामायणमहाभारतातल्या एकेका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्यालाच पोथी म्हणतात, आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर कथा सांगताना एकेक चित्र पुढे धरले जाते. गुरुजींना ते मनापासून आवडले.

मुक्काम कुडाळला पडला. गंजिफेला तीन गडी लागतात; मी, गाडी चालवणारा मुलगा आणि बऱ्याच विनवण्यांनंतर गुरुजी. प्रत्येकी चाळीस पाने हातात धरणे हीच मुळी एक कसरत. कृष्णाचा राजा त्या मुलाकडे गेला होता, तेव्हा उतारी त्याची. गुरुजींनी आपली पाने दोनदा लावली, चष्मा पुसला आणि रामाचा राजा माझ्या नाकासमोर धरून जरा घुश्शातच विचारले, “हा डाव तुम्हाला दिवसाउजेडी मांडता आला नसता का?”