चोराचं प्रेम आणि आमची कॅश

नॉर्मन ज्युईसनचा १९६८ चा ‘द थॉमस क्राउन अफेअर’ मी दोनदा पाहिला. बोस्टनचा कोट्यधीश स्टीव्ह मॅक्वीन पैशाची गरज नसताना, एकमेकांना न ओळखणारी माणसं लावून बँक लुटतो. विम्यातर्फे त्याला पकडायला आलेली फे डनवे बुद्धिबळाच्या पटावर घसरते. आता मी पडलो बँकेतला कारकून! माझी सहानुभूती कुणाकडे हवी? पण दोन्ही वेळा चोर निसटल्यावर मला हायसं वाटलं. चोर प्रेमात पडला की सगळं माफ! त्या बँकेतल्या बिचाऱ्या कॅशियरचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

परवा माझ्या कॅशमध्ये शंभर रुपये कमी भरले. खिशातून घातले. ते ज्या गृहस्थाकडे जास्त गेले, तो प्रेमात होता की काय, कोण जाणे!